डायरेक्ट

— हॉर्नचं दोन मिनिटांचं काम हाय हो भाऊ, हॉर्न कुठी पळून चालला? तुमी बसा पहिले. त्या डब्यावर नका बसू, बॅटरीचं पाणी सांडलं हाय तिथी, पॅन्टले भोकं पडतीन — हे इकडं, या काढलेल्या सीटवर बसा. पाणी प्या, माठातलं हाय. काय म्हणता, दुकान बंद दिसलं? बंदच हाय ना आज! बुद्धपौर्णिमा हाय, पाहा ना, पांढरे कपडे घालून बसलो, सहा वाजता विहारात जायचं हाय, शटर अर्धं खाली होतं — पण तुमची गाडी पुसद नाक्यावरून जातानी दिसली अन् मी उठून पळालो. हो, तुमच्याच मागं पळालो. तुमाले वाटलं असन, कोण हा बुडा पांढऱ्या सदऱ्यात हात हालवत धावून राह्यला, वर्गणी मागाले आला का काय! नाई, वर्गणी नाई. तुमी थांबले, मी म्हटलं काही काम हाय का, तुमी म्हटलं हॉर्न वाजत नाई. बरं झालं वाजत नाई. वाजत असता तं तुमी थांबलेच नसते.

चावी? चावी माह्यापाशी हाय. खिशात हाय. राहू द्या ना, चावी कुठी जाते. बोनेट उघडलं हाय मी, इंजिन लय तापलं हाय, हात घालता येत नाई — दहा-पंधरा मिनिटं थंडू द्या. हॉर्नसाठी इंजिन थंडवाचं काम नाई म्हणता? बरोबर हाय. हॉर्न समोर हाय, इंजिन मागं हाय. हुशार हा तुमी. अनुपभाऊ ना तुमी? धनजचे? पाटीवर मागं लिहिलं हाय ना — 'अनुप, धनज' — पण मी पाटीवरून नाई ओळखली गाडी, त्या मोरावरून ओळखली. मागच्या काचेवर जो मोर हाय, पिसारा अर्धा उडालेला, तो रामधननं रंगवून घेतला होता. मालेगावचा रामधन. त्याच्याचकडून घेतली ना गाडी? नाई? हिंगोलीच्या एजंटाकडून? तरीच! तरीच सापडत नव्हती मले. रामधनले पाच वेळा इचारलं, तो म्हणे इकली, कुठी गेली म्हाईत नाई. मी पार हिंगोलीलोक जाऊन आलो हो, दोन खेपा. अन् ही गाडी इकडं धनजले! जवळच! माह्याच रस्त्यानं जात-येत असन, अन् मले दिसली आज.

स्टँडवर कोण बसलं हाय? आत्या? प्रयागबाई — अन् संग दहा-बारा बाया. हो, हळदीले चालल्या. साधना म्हणजे तुमची बहीण — हो का, उद्या लग्न? चांगलं हाय ना बाप्पा. फोन करून सांगा त्यायले, सावलीत बसा म्हणा, उसाचा रस प्या म्हणा. उशीर होईन. होऊ द्या. बेचाळीस डिग्री ऊन हाय, अन् भरलेली सतरा सीटर घेऊन तुमी मंगरुळपीरवरून कारंजा, कारंजावरून धनज — मी सांगतो ना, एवढ्या उन्हात ही गाडी — बरं, एक सांगा. खरं सांगा मले. ही गाडी दुपारची चढावर बसते काय? म्हणजे दम सोडते काय, दिवा लागते काय, साठच्या वर जात नाई असं काही? — नाई? मस्त ओढते?

मस्त ओढते.

मले तेच आयकाचं नव्हतं. बसली असती तं बरं झालं असतं. तुमी हासून राह्यले, तुमाले वाटून राह्यलं या मिस्त्र्याले ऊन लागलं. आयका मंग. या नव्या डिझेल गाड्यायचं असं हाय, की टाकीतलं डिझेल इंजिनाकडं जाते, तिथी लागलं तेवढं जळते, अन् उरलेलं वापस टाकीत येते. वापस येते ते तापून येते — चहा उकळते तसं नाई, पण हात लावला तं सोडून द्याल एवढं. पुन्हा तेच जाते, पुन्हा तापून येते. म्हून त्या वापसीच्या नळीवर एक छोटा रेडिएटर असते, अन् पाणी फिरवाले एक पंप — हा एवढा, मुठीएवढा, बिजलीवर चालणारा. अन् एक सेन्सर, डिझेल किती तापलं ते गाडीच्या डोक्याले सांगणारा. पंप बंद पडला की डिझेल तापते, सेन्सर बोंबलते, अन् गाडी आपली आपण दम कमी करून घेते. लोक म्हणतात गाडी खराब झाली. अरे खराब नाई झाली, ती म्हणून राह्यली मले थंडू द्या, मंग चला! पण ते कोण आयकते? फिल्टर बदला, नोझल बदला, टाकी धुवा — सगळं करतीन, अन् त्या मुठीएवढ्या पंपाकडं कोणी पाहणार नाई.

मी पाहो. गर्वानं नाई सांगत, पण वाशिमात पहिले त्या पंपाचा प्लग काढून पाहणारा मीच. अन् मीटर लावून नाई — मीटरवर तं सगळे मिस्त्री फसतात. मीटर लावला की बारा व्होल्ट दाखवते, म्हणतात करंट बरोबर हाय, पंपच गेला. मी काय करो, हेडलाइटचा जुना बल्ब, त्याले दोन वायरी, अन् तो लावो प्लगले. मीटर काही खात नाई ना, म्हून त्याले बारा दिसते. बल्बाले पोट हाय, तो खाते. अर्थिंगची वायर आतून कुजली असन, एकच तार उरली असन, तं मीटर म्हणते सगळं ठीक, अन् बल्ब मिणमिणते. बल्ब खोटं बोलत नाई. अन् ते कुजलेलं अर्थिंग कुठी भेटते? बॅटरीच्या बुडाखाली. जिथी कोणी हात घालत नाई तिथी. तीस वर्षं झाली, मी तिथीच हात घालत आलो. अकोल्याहून लोक येत माह्याकडं — 'इंद्रभान मिस्त्र्याकडं न्या, तो पाहून सांगन.' हो, मीच इंद्रभान. बोर्डवर नाव हाय, ऊन लागून पुसलं.

तं एवढं सगळं येत होतं मले. एवढं येत असूनही मी काय केलं, तं डायरेक्ट केलं.

तुमी म्हणान डायरेक्ट म्हणजे काय — तुमाले म्हाईत हाय, गाडीवाले हा तुमी. रिले गेला, डायरेक्ट. पंख्याचा स्विच गेला, डायरेक्ट. मधात जो कोणी बसला हाय इचारणारा, थांबवणारा, त्याले काढाचं, अन् वायरीले वायर जोडून द्याची. आमच्या धंद्यात दिवसातून पन्नास वेळा हा शब्द येते. गिऱ्हाईकच येऊन म्हणते, 'मिस्त्री, डायरेक्ट करून द्या, मले जायचं हाय.' त्यात एक चांगलं डायरेक्ट असते — पंप डायरेक्ट केला तं तो चोवीस तास फिरत राह्यते, बॅटरी खाते, पण डिझेल थंड राह्यते, कोणाचं काही बिघडत नाई. पण पंपच जळालेला असला तं? पंप नागपूरहून येते, आठ दिवस लागतात, अन् लगनसराई चालू हाय. आठ दिवस गाडी कोण उभी ठेवते? मंग दुसरं डायरेक्ट. सेन्सरचं.

तो जो सेन्सर बोंबलते ना — त्याचा प्लग काढाचा, अन् त्याच्या जागी एक रेझिस्टर बसवाचा. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं भेटते, ज्वारीच्या दाण्याएवढं असते, त्यावर रंगाचे पट्टे. ते बसवलं की गाडीच्या डोक्याले वाटते डिझेल थंड हाय. सकाळी थंड, दुपारी थंड, चढावर थंड, सतरा माणसं भरून वैशाखात चालली तरी थंडच. दिवा लागत नाई. गाडी मस्त ओढते. अन् तिकडं नळीत डिझेल तापून राह्यलं, पंप बंदच हाय, रबराची नळी मऊ होऊन राह्यली — तिले कोणी इचारत नाई. ती फुटली तं कुठी फुटन? टर्बोच्या वरतीच फुटन ना. टर्बो तापून निखाऱ्यासारखा लाल झालेला असते.

बसा! — बसा हो, उठू नका. माफ करा, वरडलो मी. चावी नाई देत मी. देणार नाई. आता शिव्या द्या, लागन तं मारा, पण पहिले हे आयका.

अकरा गाड्या. मागच्या उन्हाळ्यात अकरा गाड्यायले बसवलं मी ते. मनात काय होतं, तं एवढंच, की आठ दिवसांसाठी बसवू, पंप आला की काढू. रामधनले म्हटलं होतं, आठ दिवसांनी या. कोण येते हो? गाडी ओढून राह्यली, लगनं चालू हायेत, कोण येते? पंप येऊन माह्याच फळीवर पडून राह्यले, ते पाहा, तिथी, अजून दोन डबे हायेत. अन् मीही बोलावलं नाई. काहून बोलवाचं? लोक खुश होते. 'इंद्रभानचा हात लागला अन् गाडीत दम आला.' आयकाले बरं लागते ना ते. लय बरं लागते.

मंग सेवादास, त्या अकरातल्या एका गाडीचा ड्रायव्हर. तुमी आयकलं असन — मागच्या ज्येष्ठात, मालेगाव रोडवर गाडी पेटली, पेपरात आलं होतं. पंधरा माणसं पाच मिनिटं पहिले फाट्यावर उतरली होती, म्हून वाचली. सेवादास एकटा होता. तो उतरून गेला असता तरी वाचला असता, पण मालकाची गाडी म्हून पाणी टाकाले गेला, हातानं बोनेट उघडलं. जिवंत हाय तो. हात — हात हायेत, पण बोटं एकाले एक चिकटली. परवा आला होता इथी, तुमी बसले तिथीच बसला. मले म्हणे, 'इंद्रभानभाऊ, माह्या घरी जरा फोन लावून द्या.' मी लावून देल्ला, त्याच्या कानाले धरून ठेवला. बोलणं झाल्यावर म्हणे, 'तुमी तं गाडी चांगली करून देल्ली होती भाऊ, माहीच काही चूक झाली असन.' मी काय बोललो? चहा बोलावला. अन् चहाही मीच पाजला त्याले, बशी धरून.

पोलीस आले, पंचनामा झाला, लिहिलं — शॉर्टसर्किट. शॉर्टसर्किट! गाडी जळाली, इंजिन जळालं, वायरी जळाल्या, मंग माह्या हातचा तो दाणा कुठी सापडणार? शॉर्टसर्किट लिहिलं म्हणजे कोणाचंच नाव लिहिलं नाई. मी पंच म्हून सही केली हो त्या कागदावर. वायरिंगचा जाणकार म्हून मलेच बोलावलं होतं त्यायनं. हे मी आजलोक कोणाले सांगतलं नाई. तुमाले काहून सांगून राह्यलो म्हाईत नाई — तुमी हॉर्नसाठी आले बिचारे.

तवापासून हेच काम हाय माह्यामागं. उरलेल्या दहा गाड्या शोधाच्या अन् ते काढाचं. पहिले बोर्ड लावला — 'डिझेल कूलिंग चेकिंग, एकदम फुकट.' एकही माणूस आला नाई! फुकट म्हटलं की वाशिमचा माणूस शटरच्या आत पाय ठेवत नाई, म्हणते काहीतरी घोटाळा हाय. घोटाळा तं होताच म्हणा. मंग मी स्टँडवर जाऊ लागलो, ड्रायव्हरले चहा पाजो, म्हणो कंपनीनं नवीन वायर पाठवली, फुकट बदलून देतो — खोटंच. पाच गाड्या तशा निघाल्या. शिरपूरले एक गाडी मंदिरापाशी उभी होती, यात्रेकरू दर्शनाले गेले, ड्रायव्हर झोपला होता झाडाखाली, मी शिरलो गाडीखाली. पकडला मले लोकायनं. डिझेलचोर म्हणे! दोन थापडा बसल्या, सदरा फाटला. खाल्ल्या थापडा. काय सांगू त्यायले, मी डिझेल चोरत नाई, आग काढून राह्यलो? पण ते हातात आलं होतं तवालोक. मुठीत दाबून ठेवलं अन् थापडा खाल्ल्या. असे करत करत नऊ काढले. नऊ झाले. हा तुमचा दहावा — शेवटचा. हा निघाला की मी मोकळा, अनुपभाऊ. आज बुद्धपौर्णिमा हाय, अन् आजच तुमी समोरून गेले. मी तं म्हटलं, चला, संध्याकाळी विहारात बसलो तं डोळे मिटतीन आपले.

पोलिसाले काहून नाई सांगतलं? सांगणार होतो. दोनदा ठाण्याच्या फाटकालोक गेलो. वापस आलो. पोलिसाचं भेव नव्हतं एवढं — माह्या मायचं होतं. माय माही, भागिरथाबाई, पंच्याऐंशी वर्षं वय, कानानं कमी आयकते पण तिले काही सांगाचं काम नाई, चेहरा वाचते. सेवादासचं झालं त्या रात्री जेवतानी तिनं इचारलं, 'इंदर, तुह्या हातचं तं नाई ना रे?' मी म्हटलं नाई. अन् लहान भाऊ बसला होता बाजूले, संघदीप. त्याचं दुकान कारंजाले हाय, हेच काम, सगळं माह्याच हाताखाली शिकला. तो म्हणे, 'माय, काही इचारतेस काय! दादाच्या हातचं काम पेटते काय?' चौकात भांडला तो माह्यासाठी, कोणी म्हटलं होतं की ते इंद्रभाननं केलं होतं, तं त्याची गचांडी धरली. आता त्याले सांगू? देव मानते तो मले — म्हणजे देव नाई मानत आमी, पण तुमी समजले. म्हून म्हटलं, गुपचूप काढू, कोणाले काही म्हाईत नाई पडलं पाह्यजे. आजच येऊन राह्यला तो मायले घेऊन. माय तिकडंच असते त्याच्याकडं, आज विहारासाठी येऊन राह्यली, खीर करून आणते दरवर्षी, डबाभर. त्यानं गाडी घेतली हाय, सेकंडहँड, सात सीटर. मायले समोर बसवते, ऐटीत. निघाले असतीन आतालोक.

पाहू, थंडली काय — हा, आता जमते. या इकडं, पाहा तुमीही, हे पाहा, ही वायर. हे वरचं टेपचं गुंडाळं दिसते ना, अन् त्यावर निळा दोरा? तीच माही खूण. उन्हानं टेप सुटते ना इंजिनात, म्हून मी वरून दोरा बांधतो. मायचा दोरा हाय तो, गोधडी शिवाचा, मेण लावलेला. तिनंच शिकवली ही गाठ, गोधडीची, ओढली तं अजून घट्ट होते. लोक म्हणतात इंद्रभानची गाठ. कटर द्या तो, लाल दांड्याचा — नाई, राहू द्या, नखानंच सुटते, मले म्हाईत हाय कुठून —

थांबा.

सुटून नाई राह्यली. इकडून सुटाले पाह्यजे. माही गाठ उजवीकडून सुटते, ही... ही डावीकडून फिरली हाय. उलटी हाय. निळा दोरा तोच. गाठ तीच. पण उलटी.

अनुपभाऊ, हे कोणी केलं? नाई, रामधनले मीच बसवून देल्लं होतं, ते बरोबर, पण हे ते नाई, हे नवीन हाय, टेप पाहा ना, टेप अजून चमकते. मधात कोणी हात लावला याले? आठवा. गाडी बसली होती काय मधात? — चैत्रात? चैत्रात बसली होती, दिवा लागला होता... अन् तुमी कुठी नेली? कारंजाले. बायपासवर. तो मिस्त्री — डावरा हाय काय तो? डाव्या हातानं काम करते? हो. हो ना. मायनं दोघायलेही शिकवली गाठ, संघदीपची उलटीच पडे, माय हासे.

काय म्हणाला तो तुमाले? नाई, सांगा, जसं म्हणाला तसंच सांगा. टेप उघडली अन् दोरा पाह्यला... अन् हासला. म्हणाला, हे तं आमच्या दादाचं काम हाय. मंग? मंग त्यानं तो दाणा काढून उन्हात धरून पाह्यला... कितीक वेळ पाह्यला... अन् म्हणाला काय डोकं हाय दादाचं. मले सांगतलं नाई, म्हणाला. अन् टाकून देल्ला नाई. जळाला होता म्हून तसाच दुसरा आणून बसवला. दादानं केलं म्हणजे बरोबरच असन म्हणाला.

अन् मंग? चैत्र गेला, वैशाख अर्धा गेला. अजून किती गाड्यायले बसवलं त्यानं? तुमाले कसं म्हाईत असन... काय? सगळ्या? कारंजा स्टँडच्या सगळ्या गाड्या तिकडंच जातात आता? रांग लागते?

मी अकरा मोजत राह्यलो हो. मी माह्या अकराच मोजत राह्यलो.

एक मिनिट. एक मिनिट थांबा, बोलू नका. त्याची गाडी. संघदीपची — घेतली तवा चढावर बसत होती, मले फोन केला होता त्यानं, 'दादा, दम सोडते, काय करू?' मी म्हटलं अर्थिंग पाह्य, बॅटरीखाली पाह्य, बल्ब लावून पाह्य. अन् पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला, खुश होता, म्हणे, 'झालं दादा, जमलं. तुह्याच हातचं पाहून जमलं.' मी इचारलंही नाई काय पाहून. मले वाटलं अर्थिंग. मले बरं वाटलं — शिकवलेलं कामी आलं म्हून. मी हासलो हो फोनवर.

फोन. फोन कुठी हाय माहा? त्या फळीवर — द्या. हात काळे झाले, दाबल्याच जात नाई हे. तुमी लावा, तुमी लावा भाऊ, 'संघा' म्हून हाय. लावा ना! वाजते? स्पीकरवर नका करू, द्या इकडं... उचल रे बाबू. उचल.

हॅलो! हॅलो, जयभीम — कोण? माय? माय, तू हायेस? संघाले दे फोन. चालवून राह्यला? माय, त्याले सांग गाडी थांबव. थांबव म्हणा गाडी! नाई, मी बरा हाय, मले काही झालं नाई. गाडी थांबव म्हणा त्याले, बाजूले घे म्हणा, अन् खाली उतरा दोघंही, दूर जाऊन उभे राहा. उतरा! खीर नाई गं माय, खिरीचं नाई म्हणत मी, राहू दे खीर! कुठी हा तुमी? मंगरुळपीर गेलं? चढ लागला? ... काय? कायचा वास? ... कवापासून? ... काच खाली नको करू माय, खाली उतर, उतर तू, संघाच्या कानाले लाव फोन, त्याच्या कानाले लाव — संघा! संघा, तो दाणा — माय, त्याले आयकू येऊन नाई राह्यलं, तू सांग त्याले. दादा म्हणते थांब. तीन अक्षरं हायेत काय, दोनच हायेत, थांब म्हणा!

... काय म्हणते तो?

माय?

माय!

... कटला. लागत नाई. लावा, पुन्हा लावा — बंद येते? पुन्हा लावा. ही घ्या चावी — नाई, तुमची गाडी नाई न्याची, दाणा अजून आतच हाय. तुमी फोन लावत राहा, लावत राहा, कोणाची मोटरसायकल थांबवतो मी नाक्यावर. सोडा हात. काही नाई झालं, सोडा. काय म्हणत होता तो? हासून राह्यला होता. मायनं त्याचंच वाक्य सांगतलं मले, जसंच्या तसं. म्हणे, दादाले सांग घाबरू नको, आता मधात कुठीच थांबत नाई, डायरेक्ट येतो.